सगळेच पालखीत बसले तर...

आमच्या घरात आजोबा मराठी बोलायचे आणि आजी कन्नड. त्यामुळे एकच म्हण आम्ही भावंडे दोन्ही भाषांत ऐकत वाढलो. आजोबा म्हणायचे, "सगळेच पालखीत बसले तर भोई कोण होणार?" आणि चुलीपुढून आजीचा आवाज यायचा, "एल्लारू पल्लक्कि हत्तिदरे होरुववरु यारु?" विहिरीवरून पाणी कोणी आणायचे, गोठा कोणी झाडायचा यावरून आमचे भांडण लागले की ही म्हण ठरलेली. पुढे मी इंजिनिअर झालो, पाटबंधाऱ्याच्या कामांत पस्तीस वर्षे घालवली, निवृत्त झालो. पण या म्हणीचा पुरता अर्थ मला कळला तो परवा-परवा, हैदराबादच्या विद्यानगरात, माझ्या नातीच्या हॉलमध्ये बसून.

गोष्ट 2025च्या मार्च महिन्यातली. माझी मुलगी विद्यानगरला राहते. जावई कलबुर्गीचे, कन्नड बोलणारे. नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी बिदरहून रेल्वेने हैदराबाद गाठले आणि महिनाभर तिथेच मुक्काम ठोकला.

विद्यानगर म्हणजे विद्यार्थ्यांनी गजबजलेला भाग. उस्मानिया विद्यापीठ अगदी जवळ, लोकलचे स्टेशन घराजवळच, आणि नल्लकुंट्याचा शृंगेरी शंकर मठ पायी जाण्याच्या अंतरावर. दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालयही याच भागात आहे. दुर्गाबाई आंध्रच्या आणि त्यांचे पती चिंतामणराव देशमुख आपले महाडकडचे. उत्तरायुष्यात हे दांपत्य हैदराबादलाच राहिले. तेलुगू, उर्दू, कन्नड, मराठी असे सगळेच तिथे कानावर पडते. आपल्या सीमाभागातल्या माणसाला परके वाटत नाही.

नातीच्या प्रोजेक्टच्या गटात चौघे होते. एक ती स्वतः. दुसरा नांदेडचा मुलगा, तिसरी करीमनगरची मुलगी आणि चौथा वरंगलचा मुलगा. विषय त्यांनी चांगला निवडला होता. 2020च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेत मोठा पाऊस झाला, वस्त्यांत पाणी शिरले, माणसे गेली. हुसेनसागरचे जादा पाणी मुसी नदीकडे नेणारा नाला नल्लकुंट्याच्या बाजूनेच जातो. अशा नाल्याच्या पुलाखाली बसवायचे एक स्वस्त यंत्र त्यांना करायचे होते. पाणी वाढू लागले की आसपासच्या लोकांच्या मोबाइलवर संदेश जायचा. यंत्रातून आवाजाची लहर खाली सोडायची, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढायचे. आपल्याला ऐकू न येणारा तो आवाज. वटवाघूळ करते तेच हे गणित.

चौघेही हुशार. पण पहिल्याच संध्याकाळी मी पाहिले, तर अहवालाच्या पहिल्या पानावर ‘टीम लीडर’ या शब्दापुढे तीन नावे लिहिलेली! नात म्हणे, बोलणे-चालणे सगळे मी करते. नांदेडकर म्हणे, कल्पना माझी. करीमनगरची मुलगी म्हणे, प्रोग्रॅम मी लिहिला, त्याच्याशिवाय तुमचे यंत्र म्हणजे नुसता डबा. वरंगलचा मुलगा काहीच म्हणाला नाही. तो गच्चीवर प्लॅस्टिकच्या पिंपात बादलीने पाणी ओतत होता आणि वहीत आकडे टिपत होता.

मला आजीची आठवण झाली. इथे तिघे पालखीत आणि भोई एकटाच.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन खाली आला. पाणी यंत्राच्या अगदी जवळ आले, म्हणजे वीत-दीड वीत अंतर राहिले, की आकडे चुकतात, असे तो सांगू लागला. या जातीच्या सेन्सरला फार जवळचे दिसत नाही. लहर सोडून तो ऐकायला तयार होण्याआधीच ती परत येऊन जाते. मग तो भलताच आकडा दाखवतो. त्या मुलाच्या पिंपात तर पाणी काठोकाठ भरलेले असताना यंत्र म्हणत होते, ‘पाणी खूप खाली आहे.’

वाचकहो, याचा अर्थ ध्यानात घ्या. ज्या क्षणी लोकांना उठवायचे, नेमके त्याच क्षणी हे यंत्र ‘झोपा निवांत’ म्हणणार होते.

नातीने घड्याळाकडे पाहिले. "आता नको रे. चार दिवसांवर प्रेझेंटेशन आहे. तिथे कोण पिंप भरून बघणार आहे?" बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. त्या मुलाने वही मिटली आणि तो परत गच्चीवर गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. वही मिटण्याचा तो आवाज मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकला होता. फरक एवढाच की तेव्हा वही नव्हती, माणूस गप्प झाला होता.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. एका कालव्याच्या कामावर होतो. जागेचे नाव लिहीत नाही, कारण चूक जागेची नव्हती, माझी होती. हिवाळ्यात कालव्याला पाणी सोडले होते. कामावरचा म्हातारा मुकादम सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब्रे, इल्ली नीर ओसर्तद. नीर केंप अद." म्हणजे साहेब, इथे पाणी पाझरतेय आणि पाणी तांबडे आहे.

मातीच्या भरावातून थोडेफार पाणी पाझरायचेच. ते स्वच्छ असेल तर लक्ष ठेवून चालते. पण पाझर गढूळ झाला, की समजावे पाणी आतली माती वाहून आणते आहे. आत पोकळी होते, ती वाढत जाते आणि भराव बसतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो. मुकादम कधी शाळेत गेला नव्हता, पण त्याला ते दिसले होते. त्या दिवशी वरिष्ठ पाहणीला यायचे होते. कालवा वेळेवर सुरू झाला हे मला दाखवायचे होते. मी म्हणालो, "सुम्म इरप्पा." गप्प बस बाबा. तो गप्प बसला.

तिसऱ्या रात्री भराव फुटला. जीवितहानी झाली नाही, देवाची कृपा. पण तिघा शेतकऱ्यांचा उभा शाळू पाण्याखाली गेला. चौकशीत कोणी मुकादमाला विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. भरपाईची कागदपत्रे मीच तयार केली. पुढे कितीतरी वर्षे तो मुकादम माझ्याबरोबर होता. दिलेले काम चोख करायचा. पण आपणहून काही सांगायला तो पुन्हा कधी आला नाही. नुकसान शाळूचे झाले ते झाले, पण माझे खरे नुकसान ते होते.

ही गोष्ट मी घरात कधी कोणाला सांगितली नव्हती. सकाळी चहाच्या वेळी नातीला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अज्जा, तुम्ही हे त्या तिघांनाही सांगाल?"

रविवारी सगळे जमले. मी आधी त्यांना हैदराबादचीच गोष्ट सांगितली, कारण ती आपल्या दोन्ही भाषांची गोष्ट आहे.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. शमशाबादला चोवीस तासांत 12.8 इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत 18.9 इंच पाऊस मोजला गेला होता. सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे म्हणतात. अफजलगंजातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेजण वाचले. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. विश्वेश्वरय्या कन्नड मुलखातले, पण त्यांची इंजिनिअरिंगची पदवी 1883ची आणि पुण्याच्या कॉलेजातली. मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, खानदेश, पुणे असे फिरलेले. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे हे त्यांचेच काम.

1909मध्ये ते हैदराबादला आले. आल्या आल्या त्यांनी भिंती बांधायला घेतल्या नाहीत. आधी पावसाच्या आणि पाण्याच्या नोंदी गोळा केल्या. त्यातून कळले की मुसीच्या पाणलोटात 788 तलाव होते आणि त्यांतले 221 फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे सगळे पाणी खालच्यावर, तो फुटला की दोन्हींचे पाणी तिसऱ्यावर. पूर नुसता पावसाचा नव्हता, एकामागून एक तुटलेल्या साखळीचा होता. म्हणून शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधून पूर तिथेच अडवावा, असा सल्ला त्यांनी दिला.

आता पुढचे पाहा. 1909च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूरला मुख्य इंजिनिअर म्हणून गेले. मग हे जलाशय बांधले कोणी? उस्मानसागर, ज्याला लोक गंडीपेट म्हणतात, तो 1920मध्ये पुरा झाला आणि हिमायतसागर 1927मध्ये. मधली वर्षे हैदराबाद संस्थानाच्या इंजिनिअरांची, मोजणीदारांची, गवंड्यांची आणि मजुरांची होती. त्याच पिढीतले नवाब अली नवाज जंग यांनी पुढे निजामसागर उभारला. तेलंगणात त्यांच्या जन्मदिवशी, 11 जुलैला, इंजिनिअर दिन पाळतात. आपण कर्नाटकात आणि महाराष्ट्रात तो 15 सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला पाळतो. दोन तारखा, दोन नावे, आणि काम एकाच मुलखाच्या पाण्याचे. एकाने दुखणे ओळखले, दुसऱ्यांनी इलाज पुरा केला. आणि या सगळ्यांच्या आधी शमशाबादला कोणीतरी भर पावसात पर्जन्यमापक वाचून आकडा लिहून ठेवला होता. तो आकडा नसता तर पुढचे गणितच मांडता आले नसते.

"म्हणजे तो शमशाबादवाला आमच्या गटात कोण?" नांदेडच्या मुलाने विचारले. विचारता विचारताच त्याची नजर वरंगलच्या मुलाकडे गेली.

कोणते काम कोणी करायचे, यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमध्ये मेरेडिथ बेल्बिन नावाच्या संशोधकाने हेन्ली येथील व्यवस्थापन महाविद्यालयात वर्षानुवर्षे गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावल्या. सगळ्यांत बुद्धिमान माणसे निवडून त्याने काही गट केले आणि त्यांना ‘अपोलो’ नाव दिले. हे गट सहज जिंकतील अशी अपेक्षा होती. झाले उलटे. ते बरेचदा मागेच राहिले. प्रत्येकजण आपला मुद्दा पटवण्यात आणि दुसऱ्याचा खोडण्यात वेळ घालवी, आणि साधी पण गरजेची कामे कोणीच करीत नसे. 1981मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. चांगल्या गटात कोणकोणत्या भूमिका लागतात ते त्याने मांडले. आधी आठ, मग एक वाढवून नऊ.

ही नऊ नावे पाठ करायची गरज नाही. आपल्या घरचे लग्न डोळ्यांपुढे आणा. एक काकू असते, तिला दरवेळी काहीतरी नवे सुचते. एक मामा, ज्याची गावभर ओळख, मांडववाला म्हणू नका, ट्रॅक्टरवाला म्हणू नका. एकजण सगळ्यांना कामे वाटून देतो. एकजण ‘चला, उरका’ म्हणत मागे लागतो. एकजण सांगितलेले काम मुकाट्याने पार पाडतो. रुसलेल्या सोयऱ्याची समजूत काढणारी एक आत्या असते. पुरणपोळी म्हणा, होळिगे म्हणा, त्यातला जाणकार आचारी असतो. कोठीघराची किल्ली कमरेला लावून शेवटची वाटी मोजेपर्यंत न झोपणारी एक वहिनी असते. आणि एक आजोबा असतात, जे कोपऱ्यात बसून म्हणतात, ‘अरे, पाऊस आला तर पंगत कुठे बसवणार?’ झाले, नऊ भूमिका पुऱ्या! एका माणसाला दोन-तीन भूमिका करता येतात, पण एकही रिकामी राहून चालत नाही.

यातला शेवटचा, शंका काढणारा माणूस कोणालाच आवडत नाही. तो उत्साहावर पाणी टाकतो. बेल्बिननेही म्हटले आहे की प्रत्येक गुणाबरोबर एक उणीव येते आणि ती सोसावी लागते. शंकेखोर माणूस हळू असतो, रुक्ष वाटतो. पण चूक टळते ती बहुधा त्याच्यामुळे.

पण नुसती भूमिका देऊन भागत नाही. तिला आवाजही द्यावा लागतो. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून चुका कमी होत असतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. ज्या गटांत एकोपा चांगला, तिथेच चुकांच्या नोंदी जास्त! खोलात गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की तिथली माणसे चूक लपवत नव्हती. वरिष्ठ अंगावर येणार नाहीत याची त्यांना खात्री होती, म्हणून ती बोलत होती. इतरत्र चुका होतच होत्या, फक्त कागदावर येत नव्हत्या. माझ्या कालव्यावर नेमके हेच झाले होते.

आपल्या देशातलाच एक दाखला देतो. 10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले. मोहिमेचे प्रमुख होते अब्दुल कलाम. उड्डाणाआधी संगणकाने धोक्याचा इशारा दिला होता आणि तज्ज्ञांशी बोलून तो बाजूला ठेवण्याचा निर्णय आपणच घेतला, असे कलाम स्वतः पुढे मोकळेपणी सांगत. पण त्या दिवशी पत्रकारांपुढे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयश त्यांनी स्वतःवर घेतले. 18 जुलै 1980ला उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा धवन यांनी कलामांनाच पत्रकारांपुढे पाठवले. प्रमुखाचे काम हे असते. पालखीत बसणे नव्हे, तर ओझे जड होईल तेव्हा पहिला खांदा देणे.

हे सगळे ऐकून मुलांनी काय केले? आधी अहवालातली ती तीन नावे खोडली. मग एक कोरा कागद घेऊन चौघांची कामे लिहिली. कल्पना कोणाची, प्रोग्रॅम कोणाचा, जुळवाजुळव आणि बोलणी कोणाची, तपासणी कोणाची. खाली नातीने एक नियम लिहिला: तपासणाऱ्याने ‘थांबा’ म्हटले, की त्याचे कारण वहीत लिहायचे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचे नाही. त्या नियमाखाली चौघांनी सह्या केल्या.

मग पिंप गच्चीवरून खाली हॉलमध्ये आले! मुलीने फरशी पुसून पुसून हात टेकले. यंत्र पुलाला जास्त उंचीवर लावायचे ठरले, म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या पुरातही पाणी त्याच्या आंधळ्या टप्प्यात येणार नाही. शिवाय गच्चीवरच्या टाकीत असतो तसला एक तरंगता गोळा जोडला. पाणी त्याला उचलेल तर आवाजाचे गणित काहीही म्हणो, धोक्याचा संदेश जायचाच. दोघा साक्षीदारांचे पटले नाही, तर यंत्राने ‘आकड्याचा भरवसा नाही, येऊन पाहा’ असे सांगायचे. हा शेवटचा तोडगा करीमनगरच्या मुलीला सुचला, आणि नांदेडच्या मुलाने नव्या कल्पना बंद करून दोन रात्री तारा जोडल्या.

एवढे करताना वेळ गेला. दिखाऊ मॉडेल अर्धवट राहिले, पुलाला रंग द्यायचा राहून गेला. प्रेझेंटेशनच्या दिवशी त्यांनी आपल्या यंत्राची चूक स्वतःच सांगितली, आणि ती सांगायला वरंगलच्या मुलाला पुढे केले. गुण बेताचे पडले. नात दोन दिवस खट्टू होती. मी समजूत काढायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अज्जा, गुण कमी पडले ते चालेल. पण पिंप न भरता गेलो असतो आणि पैकीच्या पैकी पडले असते, तर?"

त्या ‘तर’चे उत्तर माझ्याजवळ चाळीस वर्षांपासून आहे.

आपल्या सीमाभागातली कितीतरी मुले आज हैदराबाद, बेंगळुरू, पुण्याला इंजिनिअरिंग शिकतात. आपण फोनवर विचारतो, कितवा नंबर आला? कधीतरी असेही विचारून पाहावे, तुमच्या गटात तपासायचे काम कोणाकडे आहे? आणि तो बोलला की तुम्ही ऐकता का? घरातही तेच. जेवताना धाकटी सून किंवा शाळकरी नातू एखादी शंका काढतो, तेव्हा आपल्या तोंडी पटकन येते, ‘तू गप्प बस.’ मराठीत काय आणि कन्नडमध्ये काय, ते ऐकणाऱ्याला सारखेच लागते.

आजी आणखी एक गोष्ट सांगायची. पालखी चालताना पुढचा भोई मागच्यांना ओरडून सांगतो, खड्डा आहे, काटा आहे, दगड आहे. पालखीत बसलेल्याला ते दिसत नसते. म्हणून भोयाला गप्प करायचे नसते.

परत निघालो त्या दिवशी वरंगलचा मुलगा मला सोडायला स्टेशनवर आला होता. गाडी सुटताना मी त्याला म्हणालो, "वही मिटू नकोस, बाळा." तो हसला आणि म्हणाला, "नाही तातगारू." मला मात्र तेव्हा डोळ्यांपुढे दिसत होता तो म्हातारा मुकादम. त्याची क्षमा मी त्याच्या हयातीत मागितली नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.